आवाज काढणे

मराठीत 'आवाज काढणे' या शब्दप्रयोगाची मोठी गंमत आहे. गाडी आवाज काढते. मिस्त्रीने तो काढायचा असतो. आणि मिस्त्रीने तो काढावा म्हणून मालकाला स्वतःचा आवाज काढावा लागतो. एकाच क्रियापदात रोग, उपाय आणि रोग्याचे बोंबलणे अशी तिन्ही सोय करणारी भाषा जगात दुसरी असेल असे वाटत नाही. मोटारीचा इतिहास लिहिणाऱ्यांनी एंजिनांचा इतिहास लिहिला, टायरांचा लिहिला, शर्यतींचा लिहिला. पण माझ्या मते मोटारीचा जवळजवळ एकशे चाळीस वर्षांचा इतिहास हा या तीन प्रकारच्या काढण्याचाच इतिहास आहे, आणि त्यातला तिसरा प्रकार सर्वांत उशिरा सुरू झाला.

तसे पाहिले तर आवाजांच्या बाबतीत मराठी माणूस उपजतच श्रीमंत. खडखड वेगळी, खुळखुळ वेगळी. जिन्याची करकर निराळी, पाळण्याची कुरकुर निराळी. रहाटाची कुईकुई, जात्याची घरघर, म्हाताऱ्याच्या छातीतली घुरघुर आणि शेजाऱ्याच्या कुत्र्याची गुरगुर यांत आमच्या चार वर्षांच्या नातीचाही गोंधळ होत नाही. एवढी दौलत पदरी बांधून माणूस मोटारीच्या वर्कशॉपात जातो. "दुसऱ्या गिअरला थोडी किरकिर, पण तिसऱ्याला घातली की घरघर," असे अगदी वैद्याला सांगावे तसे लक्षणांसह सांगतो. समोरचा इस्त्रीच्या शर्टातला मुलगा ते सगळे ऐकून घेतो आणि एका शब्दात त्याला दरिद्री करून टाकतो. "नॉर्मल आहे."

या 'नॉर्मल'चा शोध लागण्यापूर्वी एक सुवर्णकाळ होऊन गेला. त्या काळी डीलरच नव्हते. १८८८ सालच्या ऑगस्टमध्ये जर्मनीतल्या मानहाइम गावच्या बर्था बेन्झ या बाईंनी नवऱ्याला न सांगता त्याने तयार केलेली तीन चाकांची मोटार बाहेर काढली, दोन मुलांना वर बसवले आणि शंभरएक किलोमीटरवरच्या फॉर्झहाइम गावी निघाल्या. आता बायको नवऱ्याला न सांगता कुठे जाणार? माहेरी! जगातला मोटारीचा पहिला लांबचा प्रवास माहेरचा आहे, ही गोष्ट आपल्याकडच्या जात्यावरच्या ओव्यांत शोभली असती. वाटेत इंधनाची नळी तुंबली, ती बाईंनी टोपीच्या पिनेने साफ केली. ठिणगीची तार उघडी पडली, तिला मोज्याचा पट्टा गुंडाळला. इंधन औषधाच्या दुकानातून घेतले. ब्रेकचे लाकूड झिजले, तेव्हा चांभाराकडून त्यावर चामडे ठोकून घेतले. चढावर गाडी जाईना, तेव्हा मुलांना खाली उतरवून ढकलायला लावले. आणि परत आल्यावर नवऱ्याला सांगितले की हिला चढासाठी आणखी एक गिअर हवा.

नवऱ्याच्या कर्तृत्वात नेमके काय कमी आहे हे माहेरी जाऊन आल्यावर सांगण्याची पद्धत जर्मनीतही आहे, हे वाचून मला बरे वाटले. पण मुद्दा तो नाही. मुद्दा असा, की मालकिणीने तक्रार केली आणि कारखानदाराने ती ऐकली. "बाई, सगळ्याच गाड्या चढावर अशाच थांबतात," असे कार्ल बेन्झ म्हणाले नाहीत. एक तर तेव्हा 'सगळ्याच गाड्या' नव्हत्या, आणि दुसरे म्हणजे ते रात्री घरी जेवणार होते. त्याच सुमाराला पॅरिसच्या एमिल रोजे या गृहस्थांनी बेन्झच्या गाड्यांची एजन्सी घेतली. गाडी बेन्झची, पण रोजे ती स्वतःच्या नावाने विकत. विकताना गाडी आपली आणि बिघडली की कंपनीची, हा संप्रदाय मात्र पुढच्या डीलरमंडळींचा.

आता गिअरचे बोलू, कारण आवाजाचे अर्धे माहेर तिथेच असते. आज आपण ज्याला हाताचा गिअर म्हणतो त्याचा पूर्वज १८९० च्या दशकात फ्रान्समध्ये पानार आणि लव्हासॉर यांच्या कारखान्यात जन्मला. वेगवेगळ्या गतीने फिरणारी दोन दातेरी चाके एका दांड्यावरून सरकवत आणायची आणि एकमेकांच्या दातांत दात अडकवायची. दोन भांडणाऱ्या जावांना एकाच चुलीपाशी ढकलण्यासारखाच हा प्रकार; भांड्यांचा आवाज येणारच. खुद्द लव्हासॉरनेच म्हटल्याचे सांगतात, की प्रकार रानटी आहे खरा, पण चालतो. कारखानदाराने आपल्या मालाविषयी इतके खरे बोलण्याचा प्रसंग त्यानंतर फारसा आलेला नाही.

या रानटी गिअरबॉक्समुळे एक तत्त्वज्ञान जन्माला आले. क्लच दाबा, न्यूट्रल करा, क्लच सोडा, ॲक्सिलरेटर द्या, पुन्हा क्लच दाबा आणि मग गिअर घाला. याला डबल क्लच म्हणत. हे सर्व पापणी लवायच्या आत झाले तर गिअर लोण्यात सुरी जावी तसा पडे. नाही झाले तर सगळ्या आळीला कळे. म्हणजे आवाज आला तर दोष चालवणाऱ्याचा, गाडीचा कधीच नाही! ड्रायव्हर नावाच्या माणसाला त्या काळी जो मान होता, त्याचे मूळ यात आहे.

पुढे अर्ल थॉम्प्सन नावाच्या अमेरिकन इसमाला हा आवाज सहन होईना. त्याने दोन चाकांच्या मधे निमुळत्या पितळी कड्या बसवण्याची युक्ती काढली. दात एकमेकांना भिडण्याआधी या कड्या घासतात आणि दोन्ही चाकांची गती सारखी करतात. घरातल्या मोठ्या काकूंनी दोघी जावांना आधी आपापल्या खोलीत नेऊन समजवावे आणि मग चुलीपाशी आणावे, तसे. १९२८ साली कॅडिलॅक गाडीत ही सिंक्रोमेश नावाची सोय आली आणि हळूहळू सगळीकडे पसरली. आपल्याकडच्या जुन्या गाड्यांत पहिल्या गिअरला ती नसे, म्हणून पहिल्या गिअरशी आदबीने वागावे लागे.

इतिहासाच्या दृष्टीने १९२८ हे साल फार महत्त्वाचे, कारण त्या वर्षी आवाजाचा दोष चालवणाऱ्याकडून गाडीकडे सरकला. निदान सरकायला हवा होता. पण जुन्या सवयी दातेरी चाकांपेक्षा चिवट. आजही तुम्ही गिअरचा आवाज घेऊन गेलात तर पहिला प्रश्न येतो, "काका, क्लच पूर्ण दाबता ना?" चाळीस वर्षे गाडी चालवणाऱ्या माणसाला हा प्रश्न म्हणजे चाळीस वर्षे स्वयंपाक करणाऱ्या बाईला "गॅस पेटवता ना?" असे विचारण्यासारखे आहे.

न्यायाने सांगायचे तर काही आवाज खरोखरच नॉर्मल असतात. गाडी मागे घेताना जी कुंईऽऽ ऐकू येते, ती बहुतेक गाड्यांत यायचीच. पुढच्या गिअरांचे दाते तिरके कापलेले असतात, त्यामुळे एक दात सुटायच्या आत दुसरा अलगद पकडतो. मागच्या गिअरचे दाते पुष्कळदा सरळ कापतात. ते बनवायला सोपे, पण दातावर दात आपटत जातो आणि गाडी रडत मागे जाते. मागे जाताना कोण हसत जातो?

उलट टोकाला रोल्स-रॉइस. १९५८ साली डेव्हिड ओगिल्व्ही या जाहिरातवाल्याने अमेरिकेत या गाडीची एक जाहिरात लिहिली. तिचा मथळा असा, की साठ मैलांच्या वेगाने जाताना या गाडीत सर्वांत मोठा आवाज असतो तो विजेवरच्या घड्याळाचा. जाहिरात जगभर गाजली. पण ओगिल्व्हीनेच पुढे सांगितले आहे, की तो मथळा वाचून कंपनीतला एक एंजिनिअर दुःखाने मान हलवत म्हणाला, त्या मेल्या घड्याळाचे काहीतरी केले पाहिजे. मला तो जाहिरातवाला विसरता येईल, एंजिनिअर विसरता येत नाही. असा माणूस एखाद्या वर्कशॉपात भेटला तर मी त्याला ओवाळीन.

हे झाले हसण्यावारी नेण्याचे आवाज. पण एक आवाज असा झाला, की त्याने कायद्याची पुस्तके बदलली. १९५५ सालच्या मे महिन्यात न्यू जर्सीतल्या क्लॉस हेनिंगसन या गृहस्थांनी एक नवी प्लिमथ गाडी घेतली. मातृदिन आला होता. बायकोला, हेलनबाईंना, भेट द्यायची होती. विक्रीच्या कागदावर त्यांनी सही केली. सगळेच करतात. त्या कागदाच्या पुढच्या बाजूला मुंगीएवढ्या अक्षरांत आणि मागच्या बाजूला साडेआठ इंच भरून मजकूर होता, तो त्यांनी वाचला नाही. सगळेच वाचत नाहीत. त्यात लिहिले होते, की नव्वद दिवस किंवा चार हजार मैल, यांतले जे आधी संपेल तोवर, बिघडलेला भाग गिऱ्हाइकाने स्वतःच्या खर्चाने कारखान्यात पाठवावा. तो खरोखर बिघडलेला आहे अशी कारखान्याची स्वतःची खात्री पटली तर कारखाना तो बदलून देईल. बाकी कशाचीही जबाबदारी नाही. आणि हा मजकूर एकट्या त्या कंपनीचा नव्हता. अमेरिकेतल्या मोटार कारखानदारांच्या संघटनेने तो सर्वांसाठी मिळून एकच केलेला होता. म्हणजे गिऱ्हाइकाने रागावून दुसऱ्या दुकानात जावे, तर तिथेही हाच कागद!

गाडी घरी आली ९ मेला. दहा दिवसांनी, १९ मेला, हेलनबाई एकट्याच गाडी घेऊन परत येत होत्या. रस्ता चांगला, वेग ताशी वीस-बावीस मैल. आणि त्यांना गाडीच्या पुढच्या भागात खालून मोठा आवाज ऐकू आला. काहीतरी तडकल्यासारखा. हातातले स्टिअरिंग गरकन फिरले, गाडी काटकोनात उजवीकडे वळली आणि रस्त्याकडेची पाटी उडवून विटांच्या भिंतीवर जाऊन आदळली. मैलांच्या आकड्यावर उमटले होते ४६८.

गाडीचा पुढचा भाग इतका चेपला होता, की कोणता भाग आधीपासून सदोष होता हे शोधणे शक्य नव्हते. विम्याच्या तपासनिसाचे मत मात्र स्टिअरिंगपासून पुढच्या चाकांपर्यंत कुठेतरी यांत्रिक बिघाड झाला, असेच होते. कंपनीने कागदावर बोट ठेवले. भाग पाठवा, पाहू. शिवाय कागदावर सही नवऱ्याची. बाईंचा आमच्याशी संबंध काय? १९६० साली, गाडी घरी आली त्याला बरोबर पाच वर्षे झाली त्या दिवशी, म्हणजे ९ मेला, न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. गाडी वापरायला योग्य आहे ही हमी विक्रीत धरलेलीच असते, बारीक अक्षरांनी ती पुसता येत नाही, आणि ती जशी नवऱ्याला लागू आहे तशी गाडी चालवणाऱ्या बायकोलाही लागू आहे. कायद्याच्या विद्यार्थ्यांना हा निकाल अजून शिकवतात. मला त्यातली एकच गोष्ट अधिक मोठी वाटते. "मला आवाज आला" एवढे सांगणाऱ्या एका बाईवर न्यायाधीशांनी विश्वास ठेवला.

अमेरिकेत खराब निघालेल्या नव्या गाडीला 'लिंबू' म्हणतात. जॉर्ज अकरलॉफ या अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली या लिंबांच्या बाजारावर निबंध लिहिला. आधी तो एकाहून अधिक नियतकालिकांनी साभार परत केला होता, आणि २००१ साली त्याच कामाबद्दल त्याला नोबेल पारितोषिक मिळाले. (परत आलेले लेख पेटीत जपून ठेवणाऱ्या आम्हा मंडळींना ही हकीगत फार धीर देते.) १९८२ साली कनेक्टिकट राज्याने पहिला 'लिंबू कायदा' केला. ठरावीक मुदतीत एकाच दोषासाठी चार वेळा दुरुस्तीचा प्रयत्न झाला, किंवा गाडी एकूण तीस दिवस दुरुस्तीत पडून राहिली, की कंपनीने गाडी बदलून द्यावी किंवा पैसे परत करावेत. आपल्याकडे असा कायदा नाही. आपण नव्या गाडीच्या चाकाखाली लिंबू ठेवून ते शोरूमच्या दारातच चिरडतो. लिंबू आत असू शकते, हे आपल्या पूजेत धरलेले नाही.

आणि धरणार तरी कसे? आपल्याकडे नव्या गाडीविषयी तक्रार करणे हेच मुळी कित्येक वर्षे कृतघ्नपणाचे लक्षण होते. मुंबईला शिवडीला जनरल मोटर्सचा जोडणीचा कारखाना १९२८ पासून होता. स्वातंत्र्यानंतर सरकारने ठरवले की नुसते जोडणारे नकोत, बनवणारे हवेत; तेव्हा परदेशी मंडळी १९५० च्या दशकात गेली. उरल्या मुख्यतः तीन गाड्या. उत्तरपाड्याची अँबॅसडर, कुर्ल्याची फियाट आणि मद्रासची स्टँडर्ड. साऱ्या देशात मिळून १९७० च्या दशकात वर्षाला चाळीस हजारांच्या आतबाहेर गाड्या निघत. किंमत सरकार ठरवी, वाटप सरकार ठरवी. गिऱ्हाइकाने फक्त पैसे भरून थांबायचे. मुलाच्या मुंजीत नाव नोंदवावे आणि गाडी त्याच्या लग्नाच्या वरातीला उपयोगी पडावी, असे हिशेब घरोघर चालत.

आमच्या एका मामांनी असाच नंबर लावला होता. कोणत्या गाडीसाठी ते सांगत नाही, तीनच होत्या. कैक वर्षांनी गाडी आली तेव्हा सगळा वाडा बघायला जमला. मामा पहिल्या फेरीहून परत आले आणि मामींनी हळूच विचारले, "अहो, मागनं खडखड कसली येतीय?" मामांनी इकडेतिकडे पाहिले आणि दबक्या आवाजात म्हणाले, "हळू बोल. परत नेतील." मामा सरकारी कचेरीत हेडक्लार्क होते, इंग्रज गेल्याचे त्यांनी पाहिले होते, आणीबाणी पाहिली होती. कुणाला घाबरल्याचे मला आठवत नाही. त्या खडखडीपुढे मात्र ते जन्मभर गप्प राहिले. पाहुण्यांना गाडीतून नेताना खडखड सुरू झाली की ते मोठ्याने नाट्यगीत म्हणत. आवाज काढण्याची ती एक चौथी पद्धत.

नवा जावई आणि नवी गाडी यांच्याविषयी चारचौघांत बोलायचे नसते, हा त्या पिढीचा नियम. त्या काळी हॉर्न सोडून गाडीचा प्रत्येक भाग वाजतो, हा विनोद देशभर सांगत आणि सगळे हसत. आता वाटते, तो विनोद नव्हता. लाखभर लोकांनी मिळून केलेला तक्रारअर्ज होता. पाठवायचा कुणाकडे हे माहीत नव्हते, म्हणून एकमेकांना सांगत होते.

पत्ता हळूहळू तयार झाला. १९६६ साली मुंबईत नऊ गृहिणींनी एकत्र येऊन ग्राहकांना सल्ला देणारी संस्था काढली. १९७४ साली पुण्यात बिंदुमाधव जोशींनी ग्राहक पंचायत सुरू केली, पुढच्याच वर्षी मुंबई ग्राहक पंचायत उभी राहिली. वजनमापे, भेसळ, तेल-साखर यांपासून सुरुवात. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० रस्त्यावर आली आणि गाडी म्हणजे शांतही असू शकते ही बातमी मध्यमवर्गाला कळली. २४ डिसेंबर १९८६ ला ग्राहक संरक्षण कायदा झाला. म्हणजे तुलना करायला गाडी आणि भांडायला कायदा, दोन्ही तीनच वर्षांच्या अंतराने मिळाले. मामा तेवढ्यात निवृत्त झाले होते. खडखड सेवेत होती.

हा सगळा इतिहास मी वाचला त्याचे कारण घरगुती आहे. २०१९ साली आम्ही नवी गाडी घेतली, हाताच्या गिअरची. तिसऱ्या आठवड्यात सकाळी गाडी चालू करून न्यूट्रलमध्ये उभी केली की पुढून बारीक घूंऽऽ असा आवाज येऊ लागला. माझ्याआधी तो हिने ऐकला. "अहो, हा तंबोरा कुठला?" डीलरकडे गेलो. तिथल्या मुलाने आधी पाणी दिले, मग कॉफी दिली, मग गाडीत बसला. आवाज नाही! पोर डॉक्टरपुढे नेले की खोकत नाही, तसे. "काका, सगळ्याच गाड्यांना येतो हा आवाज," तो म्हणाला. मी म्हटले, "आता तर येतच नाहीये." "तेच म्हणतोय मी," तो म्हणाला. यावर आजपर्यंत मला उत्तर सुचलेले नाही.

चार खेपा झाल्या. चारही वेळा कागदावर इंग्रजीत एकच शेरा, तपासले, ठीक आढळले. तेव्हा मी कायदा आणून वाचला. त्यात एक फार सुंदर कलम आहे. मालातला दोष प्रयोगशाळेत तपासल्याशिवाय कळण्यासारखा नसेल, तर मंचाने ग्राहकाकडून मालाचा नमुना घ्यावा, तो सीलबंद करावा आणि योग्य त्या प्रयोगशाळेकडे पाठवावा. तिने पंचेचाळीस दिवसांत अहवाल द्यावा. तपासणीची फी ग्राहकाने भरावी. तुपाच्या बाबतीत हे ठीक आहे. पण आवाजाचा नमुना कसा सील करायचा? बरणीत? घूंऽऽ भरून घेऊन वर लाख लावायची, दोन पंचांच्या सह्या घ्यायच्या आणि पाठवायची. २०१९ चा नवा कायदा पुढच्या वर्षीच्या जुलैत अमलात आला, त्यातही हे कलम जसेच्या तसे सुखरूप आहे. तसे आमच्या पुण्यात वेताळ टेकडीवर १९६६ पासून मोटारींवर संशोधन करणारी संस्था आहे, आणि तिथे आवाज मोजायची यंत्रेही आहेत. मी रोज सकाळी त्याच टेकडीवर फिरायला जातो. बरणी हाताने नेऊन दिली असती.

ती वेळ आली नाही. पाचव्या खेपेला तो मुलगा रजेवर होता आणि मागच्या शेडमधला एक वयस्कर मिस्त्री समोर आला. त्याने पाणी दिले नाही. "कधी येतो आवाज?" एवढेच विचारले. म्हटले, सकाळी, गाडी थंड असताना. "मग आज इथंच ठेवा. उद्या सकाळी आठला या." दुसऱ्या दिवशी त्याने गाडी चालू केली. घूंऽऽ. त्याने मला क्लच दाबायला सांगितला. आवाज बंद! सोडायला सांगितला. आवाज सुरू. मग एक लांब स्क्रू-ड्रायव्हर घेऊन त्याचे टोक गिअरबॉक्सला आणि मूठ स्वतःच्या कानाला लावली, आणि सवाई गंधर्वला पूर्वी पहाटेच्या गायकाला ऐकत तसे डोळे मिटून घेतले.

"बेअरिंग," तो म्हणाला.

आणि मग त्याने जे सांगितले ते कुठल्याच माहितीपत्रकात नसते. क्लच सुटलेला असताना एंजिनाबरोबर गिअरबॉक्सचा पहिला दांडा फिरतो. क्लच दाबला की तो थांबतो. तेव्हा क्लच दाबल्यावर आवाज थांबला तर दुखणे त्या दांड्याच्या बेअरिंगला. उलट, दाबल्यावरच आवाज सुरू झाला तर क्लचच्या बेअरिंगला. दोन मिनिटांची परीक्षा. "मग चार वेळा कुणी का केली नाही?" मी विचारले. स्क्रू-ड्रायव्हर पुसत तो म्हणाला, "साहेब, बेअरिंग बदलायचे तास कंपनी डीलरला देते. शोधायचे तास कोण देणार?"

एवढ्या एका वाक्यात त्याने मला 'नॉर्मल'चा सगळा जमाखर्च दाखवला. गाडी विकणाऱ्याला गिऱ्हाइकाचा कान खोटा ठरवायचा नसतो. त्याला फक्त तो कान तपासायचे पैसे मिळत नाहीत. तिसऱ्या दिवशी गिअरबॉक्स उतरवून बेअरिंग बदलले, वॉरंटीत, फुकट. कागदावर तेव्हाही इंग्रजीत शेरा आला. ग्राहकाच्या समाधानासाठी बदलले. दोषासाठी नव्हे, समाधानासाठी! दात दुखतो म्हणून काढला असे न लिहिता, पेशंटची हौस म्हणून काढला असे लिहिण्यापैकी हे. हिने तो कागद फ्रेम करून लावू या असे सुचवले.

बेअरिंगवर थांबलो हे बरेच झाले. कारण २००६ साली एका नव्या गाडीच्या क्लचचे भांडण थेट आपल्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले होते. खालच्या पायऱ्यांवर गाडी बदलून द्या असे ठरले होते. वर वॉरंटीचा कागद वाचला गेला आणि सांगितले गेले, की त्यात दोषी भाग दुरुस्त करून किंवा बदलून देण्याचे कबूल केले आहे, अख्खी गाडी बदलून देण्याचे नव्हे. म्हणजे बारीक अक्षरे अजून आहेत. आता ती मी भिंग घेऊन वाचतो.

आता विजेच्या गाड्या आल्या. त्यांना क्लच नाही, गिअर बदलणे नाही, एंजिनाची घरघर नाही. एंजिनाच्या आवाजाखाली जे लहानसहान आवाज दबून असायचे, ते सगळे त्या शांततेत वर आले आहेत. प्लॅस्टिकवर प्लॅस्टिक घासले तरी ऐकू येते. घासताना अडकते आणि सुटते, अडकते आणि सुटते, म्हणून ते वाजते. सारंगीची तारही गजाखाली याच न्यायाने वाजते, फक्त तिकीट काढून. आणि गंमत अशी, की या गाड्या हळू जाताना इतक्या मुक्या असतात की पायी जाणाऱ्यांना धोका. म्हणून युरोपात २०१९ पासून नव्या प्रकारच्या आणि २०२१ पासून सगळ्याच नव्या विजेच्या गाड्यांना ताशी वीस किलोमीटरपर्यंत मुद्दाम आवाज काढणे सक्तीचे झाले आहे. एकशे तीस वर्षे जो काढण्यासाठी माणसांनी कोर्टाच्या पायऱ्या झिजवल्या, तो आता कारखान्यात पगारी माणसे बसवून तयार करतात.

आमच्या शेजारच्या बंगल्यातल्या देशपांड्यांनी अशीच एक गाडी घेतली. मागे घेताना तिने गोड आवाज काढावा असे पुस्तकात लिहिले आहे. तो येत नाही. परवा ते डीलरकडे जाऊन आले. मी गेटपाशीच विचारले, "काय म्हणाला?"

"म्हणाला, काका, नॉर्मल आहे."

मी त्यांना मिस्त्रीचे नाव आणि शेडकडे जायची मागची वाट सांगितली आहे. गाडी मात्र रात्रभर तिथेच ठेवा म्हटले.